बेंड्स झाल्यावर डॉक्टर नक्की काय करतात: चेंबरमधला माझा अनुभव

स्कूबा शिकणाऱ्या प्रत्येकाला बेंड्स हा शब्द पहिल्याच कोर्सला कळतो, म्हणजे खोल पाण्यातून वर आल्यावर अंगात साठलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणारा आजार. पण खरंच झालं तर पुढे काय, डॉक्टर काय करतात, त्या दाब वाढवायच्या लोखंडी चेंबरमध्ये नेऊन नक्की काय होतं, किती वेळ लागतो, हे कोणी बसून सांगत नाही. मला अंदमानात झालं, तिथेच उपचार झाले आणि मी बरी झाले. नंतर शोधलं तेव्हा मराठीत मला यावर काहीच धड सापडलं नाही, म्हणून जेवढं आठवतंय तेवढं सगळं लिहून काढतेय, थोडं लांबेल.

आधी हे सांगते की आमच्या डाईव्ह्जमध्ये काहीही वेडंवाकडं झालेलं नव्हतं. हॅवलॉकला (आता स्वराजद्वीप म्हणतात) रोज दोन डाईव्ह्ज चालू होते, त्या दिवशी पहिला जॉनीज गॉर्जला साधारण २८ मीटरचा, दुसरा उथळ, वर येताना ५ मीटरवर सेफ्टी स्टॉप (नायट्रोजन निघून जावा म्हणून थोडा वेळ थांबणं), डाईव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळेवरून धोका मोजणारं यंत्र) शेवटपर्यंत हिरवा. नवरा माझा बडी (पाण्याखालचा जोडीदार) होता, म्हणजे तेच खोल, तेवढाच वेळ, त्याला काहीच झालं नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की अशा बऱ्याच केसेसमध्ये कॉम्प्युटरने काहीच चूक दाखवलेली नसते, कारण कॉम्प्युटर गणित करतो ते सर्वसाधारण शरीराचं, तुमच्या शरीराचं नाही.

बोटीवर चढल्यावर अर्धा-पाऊण तास मस्त होते. मग डाव्या खांद्यात खोलवर ठणका लागला. गंमत अशी की दाबलं तरी तेवढाच, हात फिरवला तरी तेवढाच, स्नायू दुखावल्यावर जसं नेमक्या जागी दुखतं तसं अजिबात नाही. पोटावर खाज, टी-शर्ट वर करून बघितलं तर जांभळट-लाल जाळीजाळीचे चट्टे. आणि मग डावं पाऊल बधिर व्हायला लागलं, बोटीच्या फळीवर पाय टेकलाय की नाही ते बघितल्याशिवाय कळेना. तेव्हा पोटात गोळा आला, खरं सांगते. लगेच इन्स्ट्रक्टरला सांगितलं आणि त्याने एक प्रश्न न विचारता आधी मला आडवं केलं.

बोटीवर जे झालं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण उपचार तिथूनच सुरू झाला होता. खाली पिशवी असलेला ऑक्सिजन मास्क, फ्लो १५ लिटर, मास्क चेहऱ्याला घट्ट. सपाट झोपायचं, उठून बसायचं नाही. शुद्धीत आहे आणि उलटी होत नाहीये म्हणून घोटघोट ओआरएस. त्याने पाटीवर वेळ लिहिली, लक्षणं कधी सुरू झाली, ऑक्सिजन कधी लावला, आणि दर थोड्या वेळाने विचारत होता की बधिरपणा वर चढतोय का, लघवीला झाली का. लघवीचं का विचारतोय ते तेव्हा कळलं नाही. मज्जारज्जूला मार बसला असेल तर लघवी अडकते आणि मग कॅथेटर घालावा लागतो, म्हणून. पेनकिलर मागितली तर नाही म्हणाला, डॉक्टर बघेपर्यंत लक्षणं झाकायची नाहीत.

वीसेक मिनिटांत खांदा जवळजवळ गप्प झाला! बोटीवरचे एक काका म्हणाले, चला बरं झालं, आता हॉटेलवर जाऊन आराम करू दे हिला. इन्स्ट्रक्टर ऐकेना, आणि त्याचं बरोबर होतं. ऑक्सिजनने बरं वाटणं म्हणजे बरं होणं नाही. फुफ्फुसात नायट्रोजन जाणं बंद झाल्यामुळे रक्तातला, पेशींतला जास्तीचा नायट्रोजन बाहेर पडायला लागतो, बुडबुडे थोडे आटतात, पण मास्क काढला की त्रास परत येऊ शकतो, कधी पहिल्यापेक्षा वाईट. अजून एक, कोणीतरी परत पाण्यात खाली नेऊन हळूहळू वर आणायचा विषय काढला होता, तोही त्याने तिथल्या तिथे बंद केला. पाण्याखाली फिट आली किंवा शुद्ध गेली तर माणूस सरळ बुडतो.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क म्हणजे डॅन, त्यांच्या इमर्जन्सी नंबरवर फोन लावला, पलीकडच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून सांगितलं की पाऊल बधिर आहे म्हणजे हे नुसतं सांधेदुखीवालं नाही, नर्व्हचं आहे, चेंबरला न्या. चेंबर पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम म्हणतात), नौदलाच्या हॉस्पिटलात. बोटीनेच नेलं. विमान नाही, कारण उंची गाठली की बाहेरचा दाब कमी होतो आणि आतले बुडबुडे फुगतात. हेलिकॉप्टर लागलंच तर तेही शक्य तितकं खालून, ३०० मीटरच्या आत उडवतात. आमची सगळ्यात मोठी काळजी सिलेंडरची होती. मिनिटाला १५ लिटर म्हणजे १५०० लिटरचा सिलेंडर शंभर मिनिटांत खलास, आणि प्रवासच दोन तासांच्या आसपास. डाईव्ह सेंटरच्या दुकानातले सगळे सिलेंडर बोटीत भरले तेव्हा निघालो.

हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर मला वाटलं धडाधड एमआरआय, रक्त, असं काय काय करतील. तसं काही नाही. हा आजार डॉक्टर ओळखतात तो तुमच्या सांगण्यावरून आणि तपासणीवरून, हे बुडबुडे एक्स-रेत वगैरे दिसत नाहीत, आणि रिपोर्टची वाट बघत बसलं तर वेळ जातो. ड्युटीवर होत्या त्या डॉक्टर मॅडमनी पहिल्यांदा माझा कॉम्प्युटर मागितला, सगळ्या दिवसांची प्रोफाइल बघितली. मग तपासणी. डोळे मिटून नाकाला बोट लावा. एकापुढे एक पाऊल टाकत चाला, इथे मी डावीकडे कलंडले. डोळे मिटून सरळ उभ्या रहा. शंभरातून सात-सात वजा करत जा. छाती नीट ऐकली आणि एक्स-रे काढला तो फक्त फुफ्फुस फाटून हवा बाहेर अडकलेली नाही ना ते बघायला, कारण तशी हवा असेल तर चेंबरमधून वर येताना ती फुगून जीवावर बेतू शकतं. कान बघितले, शुगर बघितली, प्रेग्नंट आहात का विचारलं.

आणि मग टाचणी. पायाच्या अंगठ्यापासून वर टोचत आल्या, टोचतंय की नुसतं लागतंय ते सांगायचं, आणि जिथे पहिल्यांदा "हां, आता टोचलं" म्हटलं तिथे निळ्या बॉलपेनने नडगीवर आडवी रेघ मारली, शेजारी वेळ लिहिली. घोट्याच्या चार बोटं वर होती ती रेघ. पुढचे सगळे तास माझं लक्ष त्या रेघेवर.

आत जायच्या आधी सगळं उतरवून घेतात. घड्याळ, फोन, अंगठी, सिंथेटिक कपडे, आणि हॉस्पिटलचे सुती कपडे देतात. डिओ लावलाय का, लिप बाम, केसांना तेल? तेल होतं, समुद्रात उतरायच्या आधी खोबरेल चोपडायची सवय, मग शँपूने केस धुवायला लावले, एकीकडे ऑक्सिजन चालूच. मला आधी वाटलं किती ते सोपस्कार, पण तिथे आग हा खरा शत्रू आहे. इटलीत मिलानला १९९७ मध्ये एका चेंबरमध्ये आग लागली, ११ माणसं गेली, आणि कारण म्हणजे हात गरम ठेवायची एक छोटी वस्तू कोणीतरी आत नेली होती. हे कळल्यावर मी स्वतःच केसांच्या पिना परत एकदा तपासल्या.

चेंबर म्हणजे जाड पोलादाचं आडवं पिंप, आत बाक, गोल काचेच्या खिडक्या, बाहेरच्यांशी बोलायला स्पीकर, आणि भिंतीत एक छोटी दोन दारांची खिडकी ज्यातून औषध-पाणी आत सरकवतात. तुम्ही एकटे नसता. माझ्याबरोबर नौदलाचा मेडिकल असिस्टंट आत आला, आमच्या साताऱ्याकडचाच निघाला, "ताई, कान दुखले तर लगेच हात वर करा, लाजू नका," हे त्याचं पहिलं वाक्य. परक्या ठिकाणी लोखंडी दार बंद होताना कानावर आपली भाषा पडली, त्याने किती धीर आला हे मला लिहूनही नीट सांगता येणार नाही.

दार बंद, मग मोठ्ठा आवाज करत हवा आत यायला लागते. कानात दडे बसतात, घाट उतरताना बसतात ना तसेच पण सेकंदासेकंदाला, नाक दाबून सतत सोडवत रहायचं. हवा दाबली जाते म्हणून आत चांगलंच गरम होतं, घाम फुटला. आवाज बदलतो, नाकातून बोलल्यासारखा बारीक येतो. १८ मीटर पाण्याखाली जेवढा दाब असतो तिथपर्यंत नेलं, म्हणजे नेहमीच्या हवेच्या २.८ पट. पोचल्यावर तोंडाला मास्क, त्यातून शुद्ध ऑक्सिजन, आणि सोडलेला श्वास वेगळ्या नळीतून चेंबरच्या बाहेर, म्हणजे आतल्या हवेत ऑक्सिजन साठत नाही, परत तेच आगीचं कारण.

मला वाटत होतं की दाबाने बुडबुडे चिरडले जातात आणि काम झालं. मॅडमनी दुसऱ्या दिवशी कागदावर गणित करून दाखवलं. २.८ पट दाबाला बुडबुड्याचं आकारमान साधारण ३६ टक्क्यांवर येतं, पण त्याची जाडी, म्हणजे व्यास, फक्त ७० टक्क्यांपर्यंतच. बारीक रक्तवाहिनीत अडकलेल्या बुडबुड्यासाठी व्यास महत्त्वाचा. म्हणजे दाब एकटा पुरत नाही, बाकीचं काम ऑक्सिजन करतो. बुडबुड्यातला नायट्रोजन ओढून काढतो, आणि ज्या पेशींचं रक्त अडलंय त्यांना रक्तातल्या पाण्यात विरघळून का होईना ऑक्सिजन पोचवतो, सूज उतरवतो. बुडबुडा रक्तवाहिनीच्या अस्तराला खरवडून जातो, त्यामुळे तो विरला तरी मागे सूज राहते, म्हणून तर एका वेळेत सगळं संपेलच असं नाही.

हे सगळं ज्या वेळापत्रकाने चालतं त्याला टेबल ६ म्हणतात, अमेरिकन नौदलाचं, १९६५ पासूनचं, आणि आजही जगात बहुतेक ठिकाणी सुरुवात यानेच करतात. त्याआधीचे जे हवेवर चालणारे तक्ते होते त्यातले काही दीड दिवसाच्या वर चालायचे, आत बसलेल्या माणसाचं काय होत असेल! दाबाखाली परत नेऊन बरं करायची कल्पना त्याहून जुनी, न्यूयॉर्कला हडसन नदीखाली बोगदा खणणाऱ्या मजुरांना याच आजाराने मरण येत होतं, तिथे १८९०च्या सुमारास अर्नेस्ट मॉयर नावाच्या इंजिनिअरने मजुरांसाठी असा चेंबर बसवला आणि मृत्यू एकदम कमी झाले. डायव्हर्सच्या आधी हा आजार मजुरांचा होता हे मला माहीतच नव्हतं.

तर टेबल ६ असं चालतं: १८ मीटरवर २० मिनिटं ऑक्सिजन, मग ५ मिनिटं मास्क काढून साधी हवा, असं तीन वेळा. मग अर्धा तास घेऊन हळूहळू ९ मीटरवर. तिथे एक-एक तास ऑक्सिजन, दोनदा, आणि प्रत्येक तासाआधी १५ मिनिटं हवा. मग परत अर्धा तास घेऊन वर. एकूण पावणेपाच तास. मधे साधी हवा कशाला, तर दाबाखाली जास्त ऑक्सिजन मेंदूला झेपत नाही, फिट येऊ शकते. पाण्यात डाईव्ह करताना ऑक्सिजनची जी मर्यादा आपण पाळतो त्याच्या जवळजवळ दुप्पट तिथे देतात, कोरड्यात आडवं पडून असताना तेवढं चालतं. तरी तो दादा सतत माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, ताई ओठ फडफडतायत का, कानात काही वाजतंय का, मळमळ, डोळ्यापुढे काही? मला काही झालं नाही. झालं असतं तरी मास्क काढला की थांबतं म्हणाला, घाबरायचं नाही.

पहिल्या २० मिनिटांनंतर त्याने टाचणी काढली. रेघेच्या खाली टोचलं! घोट्यापर्यंत टोचत होतं. त्याने दुसरी रेघ मारली, वेळ लिहिली आणि स्पीकरवर बाहेर सांगितलं. मला रडू आवरेना, मास्क लावून रडता येत नाही नीट, तो म्हणाला रडा नंतर, आधी श्वास घ्या. तिसऱ्या फेरीनंतरही बोटं आणि तळवा बधिरच होता, म्हणून मॅडमनी १८ मीटरवर अजून एक फेरी वाढवली. टेबलात ती सोय असते, दोन्ही खोलींवर दोन-दोन फेऱ्यांपर्यंत वाढवता येतं, पेशंटकडे बघून ठरवतात. त्यामुळे माझं एकूण पाच तासांच्या वर गेलं.

वर यायला लागलं की उलटं होतं, हवा गार पडते, आत चक्क धुकं धरतं, ब्लँकेट देतात. तेव्हा श्वास अजिबात रोखायचा नाही. ९ मीटरवरचे तास कंटाळवाणे आहेत हे मान्य करायलाच हवं, घसा कोरडा, मास्कने गाल दुखतात, वाचायला काही नाही. सलाईन चालू होतं. शेवटच्या टप्प्यात दादानेही मास्क लावला. तोपर्यंत तो माझ्यासाठी त्या दाबाखाली साध्या हवेवर बसला होता, म्हणजे नायट्रोजन त्याच्या अंगात साठत होता, त्यालाही तो बाहेर काढायला लागतो. हे काम करणाऱ्यांबद्दल कोणी बोलत नाही, ते दर पेशंटमागे स्वतः एक डाईव्ह करत असतात.

बाहेर आल्यावर परत पूर्ण तपासणी. खांदा ठीक, चट्टे गेले, चाल सरळ, तळव्यावर आणि दोन बोटांवर बधिरपणा शिल्लक. रात्री चेंबरजवळच वॉर्डात ठेवलं, कारण परत उलटू शकतं. पुढच्या दिवसांत रोज एक छोटी फेरी, टेबल ५, सव्वादोन तासांची. नियम साधा आहे, फरक पडतोय तोपर्यंत देत रहायचं, लागोपाठ दोन वेळा काहीच बदल नाही दिसला की थांबायचं. माझं बोटांवरचं थोडं राहिलं तिथे थांबले, नर्व्ह आपल्या गतीने भरतात म्हणाले, आणि पुढच्या काही महिन्यांत ते गेलंही. स्टिरॉइड नाही दिले, त्याने फायदा होतो असं दिसलेलं नाही. मॅडमनी सांगितलं की मरीन मेडिसिन हा वेगळा विषयच आहे आणि नौदलाचे डॉक्टर तो मुंबईत कुलाब्याला अश्विनी हॉस्पिटलात शिकतात.

विमानाला शेवटच्या फेरीनंतर ७२ तास थांबायला लावलं. आणि कुठे राहता विचारलं, पुणे म्हटल्यावर म्हणाल्या मग तुम्ही कोकणात डाईव्ह करून त्याच दिवशी घाट चढता का? हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आंबोली साधारण ७०० मीटर उंच आहे. गोव्यात किंवा मुरुडेश्वरला नेत्राणीला खोल डाईव्ह करून संध्याकाळी गाडी काढून घाट चढणारे आपल्याकडे कितीतरी आहेत, कोल्हापूर-बेळगाव-पुण्याचे. विमानाला लागू होतं ते कमी प्रमाणात घाटालाही लागू होतं, एक रात्र खाली काढून सकाळी निघावं. मालवणला सात-आठ मीटरवर थोडा वेळ जाऊन येणाऱ्यांना हा धोका फारच कमी. त्यांच्यासाठी मोठा धोका वेगळा आहे, वर येताना घाबरून श्वास रोखणं. तेवढ्या कमी खोलीवरूनही फुफ्फुस फाटून हवा थेट रक्तात आणि तिथून मेंदूत जाऊ शकते. त्यालाही उपचार चेंबरचाच, आणि तो प्रकार वर आल्यावर काही मिनिटांतच दिसतो.

खर्चाचं थोडक्यात: माझ्या नेहमीच्या मेडिक्लेममध्ये ॲडव्हेंचर स्पोर्ट्स वगळलेले आहेत, डायव्हिंगचा वेगळा विमा होता म्हणून निभावलं. तुमची पॉलिसी काढून तेवढं एक पान वाचाच.

पुण्यात आल्यावर कार्डिओलॉजिस्टकडे बबल इको केला, कारण चट्टे आणि नर्व्हची लक्षणं एकत्र आली की हृदयातल्या भोकाचा संशय घेतात. आईच्या पोटात असताना हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये झडपेसारखं छिद्र असतं, जन्मानंतर बंद होतं, पण साधारण चारातल्या एका माणसात पूर्ण मिटत नाही आणि त्याला आयुष्यभर कळतही नाही. एरवी डाईव्हनंतरचे बारीक बुडबुडे फुफ्फुसात गाळले जातात, या वाटेने ते सरळ पलीकडे जातात. हाताच्या शिरेत घुसळलेलं सलाईन टोचतात, कुंथायला सांगतात, आणि स्क्रीनवर पांढरे ठिपके उजवीकडून डावीकडे गेले की कळतं. माझे गेले. नवरा शेजारी उभा राहून बघत होता, म्हणाला म्हणजे आपण दोघं तेच करत होतो आणि तरी तेच करत नव्हतो.

भोक बुजवायचं की नाही यावर दोन मतं घेतली. सध्या न बुजवता जपून डाईव्ह करायचं ठरलंय. किमान तीन महिने पाणी बंद होतं, मग डायव्हिंग जाणणाऱ्या डॉक्टरांनी तपासून सोडलं. आता दिवसाला एकच डाईव्ह, १८ मीटरच्या आत, टाकीत नायट्रॉक्स (ऑक्सिजन जास्त, नायट्रोजन कमी असलेली हवा) पण कॉम्प्युटर साध्या हवेवर लावलेला, आणि वर आल्यावर दोन-तीन तास टाकी उचलायची नाही की जोर लावून शिडी चढायची नाही, कारण जोर लावला की ती झडप उघडते. माझं सामान पाण्यातच काढून बोटीवर घेतात.